समुद्रकाठचा आलिशान हनिमून: गावातून निघण्याआधी काय, कोणत्या क्रमाने ठरवावं

आपल्याकडे साक्षगंध झालं की जोडपी सगळ्यात आधी हॉटेल शोधतात. मोबाइलवर एखादा व्हिडिओ आवडतो, त्यातला निळा पूल आणि पांढरे पडदे मनात बसतात आणि घाईघाईत ॲडव्हान्सही भरला जातो. तारीख, तिकिटं, समुद्राचा हंगाम, ओळखपत्रावरचं नाव हे सगळं त्यानंतर त्या हॉटेलच्या मापात बसवायला घेतात, आणि ते बसत नाही. मग विमान एका टोकाला उतरतं, हॉटेल दुसऱ्या टोकाला निघतं. समुद्रात पाय ठेवता येत नाही अशा महिन्यात समुद्राकडच्या खोलीचे दुप्पट पैसे जातात.

म्हणून क्रम उलटा करा. आधी तारीख, मग कागदपत्रं, मग किनारा, मग प्रवास आणि पैसे, आणि त्यानंतर खोली. विदर्भातल्या खेड्यातून निघणाऱ्यांना हा क्रम जास्तच लागू पडतो, कारण समुद्र कुठल्याही बाजूने आपल्यापासून लांब आहे आणि चुकलेली गोष्ट ऐनवेळी दुरुस्त करायला हाताशी वेळ नसतो.

## 1. तारीख: मुहूर्त आणि समुद्र एकत्र बघा

तुळशीचं लग्न लागलं की आपले मुहूर्त सुरू होतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लग्न असेल तर कोकण आणि गोव्याचा किनारा उत्तम, केरळचा डिसेंबरपासून. पाऊस ओसरलेला असतो आणि डिसेंबरपासून हवाही सुखाची होते. मात्र याच काळात तामिळनाडू आणि पुदुच्चेरीकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो. तो साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर चालतो, तेव्हा त्या बाजूचा बेत जानेवारीनंतरचा ठेवा.

20 डिसेंबर ते 3 जानेवारी हे दिवस शक्यतो सोडा. दर कडाडलेले असतात, शिवाय 24 आणि 31 डिसेंबरच्या रात्रीचं जेवण अनेक मोठी हॉटेलं सक्तीचं करतात आणि त्याचे पैसे खोलीच्या भाड्याखेरीज घेतात. तेच हॉटेल 8-10 जानेवारीला बरंच स्वस्त मिळतं.

फेब्रुवारी आणि मार्च सगळीकडे चांगले. अंदमानचं पाणी या दिवसांत नितळ आणि शांत असतं. शेतीवाल्या घरांनाही हाच काळ सोयीचा, कारण सोयाबीन विकून झालेलं असतं, तूर घरात आलेली असते आणि कापसाचे शेवटचे वेचे तेवढे उरतात. ऑक्टोबरात जायचं ठरवलं आणि सोयाबीनची सोंगणी अंगावर आली, तर मन अर्धं शेतातच राहतं.

एप्रिल-मे मध्ये लग्नं सर्वात जास्त आणि गैरसमजही सर्वात मोठा. आपल्याकडे पारा 44-45 वर असताना समुद्राकाठी गारवा मिळेल असं वाटतं. पारा तिथे 33-34 च दाखवतो, पण हवा इतकी दमट असते की अंगावरचा घाम वाळतच नाही. त्यात मेच्या शेवटी समुद्र खवळू लागतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत निघणार असाल तर पूल चांगला असलेलं हॉटेल घ्या आणि समुद्रावर फक्त सकाळ-संध्याकाळ जा. लग्नच 20 मेनंतर असेल तर सरळ फेब्रुवारीपर्यंत थांबा. आठवड्याच्या आत गेलं नाही तर तो हनिमून नव्हे, असा नियम कुठे नाही. काही महिन्यांनी गेलेल्या जोडप्याला लग्नाचा शीण नसतो आणि खर्चाचा अंदाजही आलेला असतो.

जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावर जलक्रीडा बंद असतात आणि पोहणं जिवावर बेतू शकतं. पाऊस बघायला जरूर जा, पण तेव्हा समुद्राकाठच्या महागड्या खोलीला पैसे घालू नका.

तपासा: लग्नानंतरचं रिसेप्शन, सत्यनारायण, कुलदैवताचं दर्शन आणि मांडवपरतणी, हे सगळं घरच्यांसोबत बसून कॅलेंडरवर मांडलं का? त्यानंतर किमान दोन दिवस मोकळे सोडून निघायची तारीख धरा. माहूरला किंवा शेगावला दर्शनाला जाऊन त्याच रात्रीची गाडी पकडायचा बेत करू नका.

## 2. कागदपत्रं: तिकिटाआधी नाव

इथे चूक झाली की तिकीटच वाया जातं. लग्नपत्रिकेत मुलीचं सासरचं नाव छापलेलं असतं, तेच नाव हौसेने विमानाच्या तिकिटावर टाकलं जातं. आधार कार्डावर मात्र माहेरचं नाव असतं आणि विमानतळाच्या दारावर दोन्ही नावं ताडून बघतात. एखाद-दुसरं अक्षर चुकलं तर विमान कंपनी सहसा सुधारून देते. आडनाव आणि वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव, एवढा मोठा बदल ऐनवेळी होईलच असं धरून चालू नका.

नियम सोपा आहे: प्रवासाच्या दिवशी हातात जे ओळखपत्र असणार, त्यावर जसं नाव आहे अगदी तसंच तिकिटावर. आधारवर नाव बदलायचा अर्ज हनिमूनहून परत आल्यावर करा, मधल्या काळात नको.

हॉटेलात दोघांचीही ओळखपत्रं लागतात. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट चालतं. पॅन कार्ड चालत नाही, कारण त्यावर पत्ता नसतो. लग्नाची नोंदणी ग्रामपंचायतीत लगेच करून घ्या आणि दाखल्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. वेगळी आडनावं आहेत म्हणून कायदा तुम्हाला खोली नाकारत नाही, पण काउंटरवरच्या माणसाने विचारलंच तर वाद न घालता विषय संपतो.

परदेशी, म्हणजे मालदीव वगैरे जायचं असेल तर पासपोर्टचं काम साक्षगंधाच्या आठवड्यातच सुरू करा. 36 पानांच्या साध्या पासपोर्टची फी 1,500 रुपये आणि तत्काळ हवा असेल तर वर 2,000. अर्ज ऑनलाइन करून नागपूरचं पासपोर्ट सेवा केंद्र किंवा जवळच्या जिल्ह्यातल्या टपाल कार्यालयातलं केंद्र निवडा. पोलीस पडताळणी तुमच्या पत्त्याच्या ठाण्यातून होते. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यात राहणाऱ्याने आधारवर गावचा पत्ता ठेवला असेल तर ही गोष्ट आठवडाभर अडते, हे आधीच लक्षात घ्या. मुलीचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असला तरी प्रवासाला काहीच अडचण नाही.

## 3. किनारा: तुमच्या जिल्ह्यातून कोणता सोपा

गोवा सगळ्यांच्या तोंडी असतो, पण सगळ्या विदर्भाला तो सारखा जवळ नाही.

बुलडाणा, अकोला, वाशिम, अमरावती, यवतमाळकडच्यांना मुंबईची बाजू सरळ पडते. शेगाव, अकोला, बडनेरा किंवा धामणगावहून मुंबईकडे, आणि तिथून कोकण किंवा गोवा. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल 2025 पासून मुंबईचं विमान सुरू झालं आहे, मात्र कोणत्या वारी उडतं हे बघूनच बेत करा.

चंद्रपूर, गडचिरोली, वणीकडच्यांनी गोव्याचा हट्ट धरू नये असं मला मनापासून वाटतं. बल्लारशा हे दिल्ली-चेन्नई मार्गावरचं स्टेशन आहे. एका रात्रीच्या प्रवासात चेन्नई गाठता येते आणि तिथून साधारण 55-60 किलोमीटरवर महाबलीपुरम. त्या रस्त्यावर समुद्राला लागून चांगली रिसॉर्ट आहेत. केरळला जाणारी केरळ एक्सप्रेसही याच मार्गाने जाते. गडचिरोलीहून आधी नागपूर, मग मुंबई, मग गोवा करण्यात दोन दिवस रस्त्यात जातात.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदियाला विमानतळ जवळ, म्हणून पर्याय जास्त. अंदमानला चेन्नई किंवा कोलकात्याहून जाता येतं.

आता किनाऱ्यांचा स्वभाव.

गोवा. शांतता हवी तर दक्षिण: माजोर्डा, बाणावली, केळशी, मोबोर, आणखी खाली आगोंद आणि पाळोळे. मोठी आलिशान रिसॉर्ट मुख्यतः दक्षिणेत. कळंगुट-बागाला गर्दी आणि रात्रीचा गोंगाट. मोरजी, आश्वे, मांद्रे मधल्या वळणाची. सगळ्यात जास्त चूक होते ती विमानतळाची. गोव्यात दोन विमानतळ आहेत. दाबोळी दक्षिणेला सोयीचा, मोपा अगदी उत्तरेला पेडण्यात. मोप्याला उतरून केळशीला जायचं म्हणजे टॅक्सीत जवळजवळ दोन तास आणि भाडंही तसंच. तिकिटावर दोन्हींना ‘गोवा’च लिहिलेलं असतं, म्हणून विमानतळाचं नाव वाचा.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी. भोगवे, तारकर्ली, वेंगुर्ला, गणपतीपुळे. किनारे देखणे, भाषा आपली, जेवण उत्तम. पंचतारांकित मोठी हॉटेलं इथे फारशी नाहीत. मोजक्या खोल्यांची चांगली रिसॉर्ट आणि व्हिला मिळतात, आणि घरंदाज शांतता हवी असलेल्या जोडप्याला मी हेच सुचवेन. वेंगुर्ल्याकडे जायला मोपा विमानतळही जवळ पडतो.

केरळ. कोवळमला मोठी रिसॉर्ट, मरारीला निवांत नारळीच्या बागा. वर्कला सुंदर आहे, पण तिथली बरीचशी हॉटेलं कड्यावर आणि समुद्र खाली, मधे पायऱ्या. खोलीतून थेट वाळूत पाय ठेवायचा असेल तर ते तुमच्यासाठी नाही.

पुदुच्चेरी. शहर फिरायला छान. शहरातला प्रसिद्ध किनारा मात्र बराचसा दगडांच्या बांधाचा आहे, तिथे पोहता येत नाही. पोहायचं असेल तर हॉटेल शहराबाहेर शोधा.

अंदमान. पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 पासून श्री विजयपुरम, आणि हॅवलॉक आता स्वराज द्वीप, नील आता शहीद द्वीप. काही ठिकाणी जुनं नाव दिसेल, काही ठिकाणी नवं, गोंधळू नका. राधानगरचा किनारा स्वराज द्वीपावर आहे. विमान उतरतं ते श्री विजयपुरमला, तिथून बोटीने दीड-दोन तास.

लक्षद्वीप. प्रवेशाचा परवाना आधी काढावा लागतो आणि विमानाच्या जागा कमी. महिनाभर आधी ठरवणाऱ्यांनी हा विचार सोडावा.

मालदीव. भारतीयांना व्हिसा तिथे उतरल्यावर मोफत मिळतो. निघण्याआधीच्या 96 तासांत ऑनलाइन माहितीपत्र भरावं लागतं. माले विमानतळावरून दूरच्या बेटांवर सी-प्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने, नेतात, आणि ते फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान दुपार टळल्यावर उतरत असेल तर ती रात्र मालेत काढावी लागेल आणि रिसॉर्टच्या एका रात्रीचे पैसे पाण्यात जातील. स्पीडबोटीने पोचणारं रिसॉर्ट घेतलं तर ही अडचण बरीच कमी होते.

सावध: पाच रात्रींत तीन गावं करू नका. दर दुसऱ्या दिवशी बॅग भरणं, अकराला खोली सोडणं, दोनपर्यंत नवी खोली मिळायची वाट बघणं, यात आलिशान काही उरत नाही. पाच रात्री असतील तर एक ठिकाण, फार तर दोन.

## 4. प्रवास: मधली एक रात्र सोडा

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, 120 नाही. लग्नसराईत आणि दिवाळीच्या मागेपुढे ते सकाळीच भरतं. एसी पहिल्या वर्गात दोघांचा कूपे, म्हणजे दोनच बर्थचा बंद कप्पा, असतो. तो आधी निवडता येत नाही, चार्ट लागताना मिळतो. दोघांचं एकाच तिकिटावर आरक्षण करा, म्हणजे मिळायची शक्यता राहते.

विमान पहाटेचं किंवा सकाळचं असेल तर आदल्या रात्री नागपुरात मुक्काम करा. आर्वी, उमरखेड किंवा अहेरीहून मध्यरात्री गाडी करून निघायचं आणि पाचला विमानतळावर पोचायचं, हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पाहुणे निरोप द्यायला बसलेले असतात, निघायला उशीर होतो आणि पहिला दिवस झोपेत जातो.

मुंबई किंवा चेन्नईत विमान बदलायचं असेल तर दोन्ही विमानं एकाच बुकिंगमध्ये घ्या. वेगवेगळी तिकिटं दोनशे-चारशेने स्वस्त दिसतात, पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणी घेत नाही.

समृद्धी महामार्ग जून 2025 पासून नागपूर ते मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत पूर्ण खुला आहे, 701 किलोमीटर. स्वतःच्या गाडीने कोकणात जायचा मोह होतो. लग्नाच्या आठवड्याचं जागरण अंगात असताना त्या एकसुरी सरळ रस्त्यावर नवरदेवाने एकट्याने गाडी चालवू नये. जायचंच असेल तर वाटेत नाशिकला मुक्काम करा.

अंदमानसाठी खास: परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री श्री विजयपुरमला असायलाच हवं. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि विमान थांबत नाही.

तपासा: गाडी किंवा विमान पोचण्याची वेळ आणि हॉटेलची खोली मिळण्याची वेळ शेजारी लिहा. खोली सहसा दुपारी 2 किंवा 3 ला मिळते. सकाळी 6 ला पोचत असाल तर लवकर प्रवेशाचं हॉटेलकडून लेखी घ्या, नाहीतर लॉबीत बसावं लागेल.

## 5. पैसे: दिसणारा दर आणि भरायचा दर

हॉटेलच्या पानावर मोठ्या अक्षरात दिसतो तो कराआधीचा दर. सप्टेंबर 2025 पासून एका रात्रीचं भाडं 7,500 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के जीएसटी आणि त्यावर गेलं की 18 टक्के. याचा हिशेब एकदा हाताने करून बघा.

7,400 ची खोली: कर 370, एकूण 7,770.
7,600 ची खोली: कर 1,368, एकूण 8,968.

दरात फरक 200 चा, भरताना फरक 1,198 चा. चार रात्रींचे 4,792 रुपये. म्हणून 7,500 च्या काठावरच्या दोन खोल्यांची तुलना नेहमी करासकट करा. खूप वरची, वीस-पंचवीस हजारांची खोली घेणार असाल तर 18 टक्के सुरुवातीपासूनच धरून चाला.

मालदीवच्या दरापुढे बऱ्याचदा दोन अधिक चिन्हं असतात. त्याचा अर्थ 10 टक्के सेवा शुल्क आणि त्यावर 17 टक्के कर, म्हणजे जवळपास 29 टक्के जास्त. रिसॉर्टमध्ये माणशी रात्री 12 डॉलर हरित कर वेगळा. दोघांचे चार रात्रींचे 96 डॉलर. सी-प्लेनचं किंवा बोटीचं भाडंही खोलीत धरलेलं आहे का ते विचारा, कारण ती रक्कम लहान नसते.

खर्चाचे भाग पाडताना एकच सल्ला: खोलीवर जास्त, खरेदीवर कमी. आलिशान हनिमून म्हणून निघून तिथे पोचल्यावर नातेवाइकांसाठी काजू आणि टी-शर्ट घेण्यात पैसे संपवणारी जोडपी शेवटच्या रात्री जेवणाला हात आखडतात. आहेराचे पैसे यात धरायचे की नाही हे दोघांनी घरच्यांशी आधीच बोलून घ्यावं.

## 6. खोली: आता हॉटेल निवडा

इथे घाई करू नका. दोन-तीन संध्याकाळी द्या आणि दोघांनी मिळून बघा.

आधी नकाशा. हॉटेलचं नाव गूगल मॅप्सवर टाकून उपग्रहाचं चित्र उघडा. इमारत आणि वाळू यांच्यामध्ये काय आहे? रस्ता, वस्ती, खाडी, की मोकळं पटांगण? किनाऱ्यालगतच्या बांधकामावर सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, निर्बंध आहेत, त्यामुळे ‘बीचफ्रंट’ लिहिलेल्या चांगल्या हॉटेलांतही बागेतून आणि वाळूच्या टेकाडावरून चालत जावं लागतं. ते चालतं. मधे रहदारीचा रस्ता असेल तर मात्र तो ‘बीचफ्रंट’ नव्हे. शेजारी मासळी उतरवायचा धक्का आहे का, तेही बघा. सुकत घातलेल्या मासळीचा वास सवय नसलेल्याला दिवसभर सहन होत नाही.

मग शब्द. ‘सी व्ह्यू’ म्हणजे खोलीतून कुठून तरी समुद्र दिसतो. ‘पार्शल सी व्ह्यू’ म्हणजे बाल्कनीत उभं राहून मान वळवली की दिसतो. ‘सी फेसिंग’ म्हणजे खोलीचं तोंड समुद्राकडे, पण मधे माडांची रांग असू शकते. तळमजल्यावरच्या ‘सी व्ह्यू’ खोलीतून पुष्कळदा फक्त कुंपण दिसतं. समुद्र बघायचाच असेल तर वरचा मजला मागा. बहुतेक वेळ बाहेर काढणार असाल तर ‘गार्डन व्ह्यू’ घेऊन उरलेल्या पैशांत एक रात्र वाढवा, मला तो सौदा जास्त आवडतो.

मग परीक्षणं. पाच ताऱ्यांची वाचून काही कळत नाही, तीन ताऱ्यांची वाचा. सगळ्यात नवी आधी लावा. हॉटेलने टाकलेले फोटो सोडून पाहुण्यांनी काढलेले बघा, विशेषतः न्हाणीघराचे आणि बाल्कनीचे. ओल, बुरशी, झुरळं असे शब्द परत परत येत असतील तर ते हॉटेल सोडा, समुद्राच्या हवेत ओल दर वर्षी वाढते.

खोलीच्या आतल्या गोष्टी. एकच मोठा पलंग की जोडलेले दोन, हे विचारा. बऱ्याच नव्या हॉटेलांत न्हाणीघर आणि झोपायची खोली यांच्यामध्ये काचेची भिंत असते. लग्न ठरवून झालेलं असेल, एकमेकांची ओळख अजून नवी असेल, तर पहिल्याच रात्री हे अवघड जातं. त्या काचेला आतून पडदा आहे का, हे विचारायला लाजू नका.

खासगी पूल असलेला व्हिला घेत असाल तर तीन गोष्टी बघा: पूल किती लांब-रुंद आहे (कित्येक तर बसण्यापुरते टाकेच असतात), वरच्या मजल्यावरून किंवा शेजारून आत दिसतं का, आणि डिसेंबर-जानेवारीत पाणी किती थंड असतं.

जेवण. हॉटेलांची ही चार लघुरूपं शिकून घ्या. ईपी म्हणजे फक्त खोली, सीपी म्हणजे नाश्त्यासह, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे सगळी जेवणं. गर्दीच्या भागात सीपी पुरे, बाहेर खायला भरपूर मिळतं. दक्षिण गोव्यातल्या किंवा बेटावरच्या एकट्या रिसॉर्टमध्ये एमएपी घ्या, कारण बाहेर जेवायला जायचं तर टॅक्सीचं भाडं जेवणापेक्षा जास्त होतं. घरी शाकाहार असेल तर स्वयंपाकाची भांडी वेगळी आहेत का ते विचारा. मधे चतुर्थी किंवा एकादशी येत असेल तर उपवासाचं काय मिळेल तेही. साबुदाणा मिळेलच असं समजू नका.

सावध: समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलांत हल्ली लग्नं लागतात. तुमच्या तारखांना तिथे लग्न असेल तर पूल, हिरवळ, जेवणाची जागा सगळं त्यांच्या ताब्यात आणि रात्रभर डीजे. आपल्या मांडवातल्या डीजेतून सुटून दुसऱ्याच्या डीजेखाली झोपायची वेळ येऊ नये.

## 7. बुकिंग: लेखी घ्या, मग पैसे भरा

दोन-तीन हॉटेलं उरली की त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून मेल करा. फोनवर सगळं ‘हो हो’ होतं आणि पोचल्यावर कुणालाच आठवत नाही. मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असला तरी त्यात हे सगळं यावं:

*आम्ही नवविवाहित जोडपं, अमुक तारखेपासून चार रात्री राहणार. खोलीचा प्रकार कोणता, कोणत्या मजल्यावर, समुद्र कुठून दिसतो? एकच मोठा पलंग आहे का? करासकट चार रात्रींची एकूण रक्कम किती, त्यात कोणती जेवणं? या तारखांना हॉटेलात लग्न, मोठा कार्यक्रम किंवा बांधकाम आहे का? पूल चालू असेल का? हनिमूनसाठी काय देता आणि ते मोफत की पैसे घेऊन? रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण पैसे परत?*

ज्या हॉटेलाचं उत्तर मुद्द्याला धरून येतं तिथली सेवाही बहुधा तशीच असते. याच दराला थेट हॉटेलकडून नाश्ता किंवा वरची खोली मिळते का, हेही त्याच मेलमध्ये विचारा.

नागपूर किंवा अमरावतीच्या एजंटकडून पॅकेज घेत असाल तर पावतीवर हॉटेलचं नाव, खोलीचा प्रकार आणि जेवणाचा प्रकार लिहून घ्या. ‘किंवा समकक्ष हॉटेल’ हे शब्द पावतीत असतील तर खोडायला लावा. समुद्राकाठचं दाखवून दोन किलोमीटर आतलं दिलं जातं ते याच शब्दांच्या आधारावर.

सावध: गूगलवर पहिला दिसलेला फोन नंबर हॉटेलचाच असतो असं नाही. कुणी वैयक्तिक यूपीआयवर किंवा क्यूआर कोडवर पूर्ण रक्कम मागत असेल आणि ‘आजच भरा, एकच खोली उरली’ म्हणत असेल तर थांबा. हॉटेलच्या स्वागतकक्षाला फोन करून बुकिंग क्रमांक तपासा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करा.

तपासा: रद्द करायची शेवटची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरवर टाकली का? आपल्या घरांत सुतक किंवा मुहूर्त पुढे जाणं कधीही होऊ शकतं. थोडे जास्त पैसे देऊन रद्द करता येणारं बुकिंग घ्या.

## 8. बॅग आणि दागिने

हॉटेलच्या पुलात सुती कपडे, साडी, जीन्स चालत नाही. नायलॉनचा पोहण्याचा पोशाख लागतो, तो दोघांसाठी नागपुरातूनच घ्या. किनाऱ्यावरच्या दुकानात माप मिळत नाही आणि दर दुप्पट असतो. पूर्ण अंग झाकणारे पोशाखही मिळतात, त्यामुळे संकोच असेल तर तेच घ्या.

लग्नातले सगळे दागिने सोबत नेऊ नका. मंगळसूत्र आणि एखादी अंगठी पुरे. समुद्रात उतरताना अंगठीही खोलीतल्या लॉकरमध्ये ठेवा, पाण्यात बोटं आकसतात आणि सैल अंगठी निसटली की वाळूतून सापडत नाही. मेंदी खाऱ्या आणि क्लोरीनच्या पाण्याने लवकर उतरते, फोटो काढायचे असतील ते पहिल्या दिवशी काढून घ्या.

## 9. पोचल्यावर

सामान खोलीत टाकण्याआधी खोली बघा. मेलमध्ये लिहिल्यासारखी नसेल तर तेव्हाच, बॅग न उघडता, मेल दाखवून बोला. एक रात्र राहिल्यावर बदलून मिळणं कठीण.

पहिला दिवस मोकळा ठेवा, काहीही बुक करू नका.

समुद्राबद्दल आपल्या पोरांना सांगावंसं वाटतं, कारण विहिरीत आणि नदीत पोहणारा माणूस समुद्रात जास्त धाडस करतो आणि तिथेच फसतो. विहिरीचं पाणी थांबलेलं असतं, समुद्राचं आत ओढतं. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरू नका. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात जीवरक्षकांची नजर असते, तिथेच पोहा. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे थेट झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहून ओढीच्या बाहेर पडा आणि मग वळा. सूर्यास्तानंतर पाण्यात नको, दारू घेतल्यावर तर मुळीच नको. अंदमानात काही भागांत मगरींच्या सूचनेचे फलक असतात, ते पाळा.

भरती-ओहोटीच्या वेळा स्वागतकक्षात विचारा. शहीद द्वीपासारख्या ठिकाणी ओहोटीला प्रवाळाचे खडक उघडे पडतात, तिथे पायात चप्पल हवी. भरती चढत असताना खडकावर फोटोसाठी थांबू नका.

स्कूबा करणार असाल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करा. पाण्याखाली गेल्यावर विमानात बसण्याआधी किमान 18 ते 24 तास जाऊ द्यावे लागतात, म्हणून शेवटच्या दिवशी स्कूबा ठेवू नका. नाकाचा, कानाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी सांगा, लपवू नका.

खोली सोडण्याच्या आदल्या रात्रीच बिल मागवून ओळ न् ओळ वाचा. फ्रिजमधलं पेय, कपड्यांची धुलाई, खोलीत मागवलेलं जेवण, सगळं जुळतं का बघा. प्रवेश करताना कार्डावर अनामत अडवली असेल तर ती सोडल्याची पावती घ्या. डेबिट कार्ड असेल तर ते पैसे खात्यात परत यायला काही दिवस लागतात, तेव्हा परतीच्या प्रवासाचा खर्च त्या खात्यावर अवलंबून ठेवू नका.